दुर्गम शिखर : आधी उतरण्याचा हिशेब मांडा

दुर्गम शिखराचा बेत आखताना बहुतेक जण पायथ्यापासून मोजायला लागतात. किती वाजता निघायचं, माथा कधी गाठायचा. हा हिशेब उलटा मांडावा. अंधार पडायच्या आत शेवटचा अवघड टप्पा उतरून व्हायला हवा. तिथून मागे मोजत आलं की माथा कधी सोडायचा ते कळतं.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही कामाला येतो. दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. एका बाजूचं अंतर ८ किलोमीटर आणि चढाई १२०० मीटर असेल, तर ३ तास ३६ मिनिटं होतात. पण हा हिशेब बऱ्यापैकी वाटेचा आहे, आणि विश्रांती त्यात धरलेली नाही. धोंडे, घसारा (सुट्या दगडांचा निसरडा उतार) आणि कातळटप्पे असतील तर वेळ सरळ दुप्पट धरावा. म्हणजे चढायला सात तास, उतरायला निदान पाच. सूर्यास्त साडेसहाला असेल आणि एक तास हाताशी राखायचा असेल, तर साडेबाराला माथा सोडलाच पाहिजे. त्यासाठी पहाटे पाचच्या सुमारास निघावं लागतं. सुरुवातीचा सोपा पट्टा हेडटॉर्चच्या उजेडात उरकता येतो, कातळटप्पा नाही. साडेबारापर्यंत माथा आला नाही, तर जिथे असाल तिथूनच परत फिरायचं. ही वेळ निघण्यापूर्वी सगळ्यांच्या कानावर घालून ठेवा. वर गेल्यावर माथा समोर दिसत असतो, अंग थकलेलं असतं आणि ‘अजून वीसच मिनिटं’ असं म्हणणारा एक जण तरी निघतोच.

नकाशा बघताना कॉन्टूर रेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं, उंचीचं अंतर तपासा. ते २० मीटर असेल, तर १५ मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे बेमालूम लपतो. उपग्रहचित्रातही असा कडा वरून पातळ रेघेसारखाच दिसतो, त्याच्या सावलीवरून उंचीचा अंदाज घ्यावा लागतो. अरुंद घळीत दोन्ही भिंतींवरून सिग्नल परावर्तित होतो आणि जीपीएसचा ठिपका भलतीकडे सरकतो. होकायंत्रही सगळीकडे खरं बोलत नाही. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या कुलिन रांगेत खडकच चुंबकीय आहे, त्यामुळे तिथे सुई भरकटते. म्हणून प्रत्येक फाट्यावर मागे वळून, परतताना दिसेल त्या दिशेने एक फोटो काढून ठेवा. चढताना सरळ वाटलेली वाट उतरताना ओळखू येत नाही.

आता घसारा, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच गोत्यात येतात. सुटे दगड साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर जेमतेम तोल सावरून पडलेले असतात, एवढ्याशा धक्क्यानेही सुटतात. चढताना तळवा आधी दाबून बघायचा, मगच त्यावर भार टाकायचा. उतरताना टाच रुतवायची, गुडघे किंचित वाकवायचे आणि वजन पायांवर ठेवायचं. भीतीने मागे रेललं की पाय पुढे निसटतात. अरुंद घळीत एकाखाली एक लांब अंतर ठेवून चालू नका. वरून सुटलेला दगड खालच्यापर्यंत पोहोचेतो चांगला वेग घेतो. एक तर अगदी जवळजवळ चला, नाही तर एक जण आडोशाला पोहोचल्यावर दुसऱ्याने निघा. हेल्मेट इथे हवंच.

कातळावर होल्ड, म्हणजे पकडीची खाच किंवा उंचवटा, धरण्यापूर्वी तळहाताने ठोकून बघा. पोकळ, भदभद आवाज आला तर तो दगड आतून सुटलेला असतो. होल्ड खालच्या दिशेने दाबायचा, बाहेर ओढायचा नाही. दोन हात, दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं. आणि जो टप्पा दोराशिवाय उतरता येईल अशी खात्री नाही, तो दोराशिवाय चढूही नये. चढताना पुढची खाच डोळ्यांसमोर असते, उतरताना तीच पोटाखाली दडते आणि पाय नुसता चाचपडत राहतो.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा. बारा तासांचे सहा लिटर म्हणजे पाठीवर सहा किलो, त्यामुळे वाटेत पाणी कुठे मिळतं आणि त्या मोसमात ते टिकतं का, हे आधीच पक्कं करा. दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. वारा सुटला की भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब शोषून घेतो, तेव्हा सुती टाळाच. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागा, किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर डोंगराची धार ताबडतोब सोडा. उथळ कपारीत किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर परतू नका.

निघण्यापूर्वी घरच्या एकाकडे वाट, उतरण्याची पर्यायी वाट आणि ‘या वेळेपर्यंत निरोप नाही आला तर मदत बोलवा’ अशी वेळ लिहून द्या. शिट्टी सॅकच्या खांदापट्ट्यालाच अडकवलेली असू द्या. संकटाची खूण अशी: एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. रात्री हेच टॉर्चने करायचं. उलट तीन शिट्ट्या आल्या तर तुमचा आवाज पोहोचला आहे. तरीही शोधणारे प्रत्यक्ष दिसेपर्यंत खूण देत राहा आणि जागा सोडू नका.