इतिहासवाल्यांना संगणक कशाला?

एडिनबरा विद्यापीठात नव्या संशोधकांसाठी संगणकाचे प्राथमिक वर्ग असतात. मी इतिहासाची विद्यार्थिनी त्यात जाऊन बसते असं घरी कळलं, तेव्हा आत्याने फोनवर विचारलं, "अगं, तुम्हाला कोडिंग कशाला?" तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आमचा वर्ग 'कारपेंट्रीज' या उपक्रमाच्या पद्धतीचा होता. संशोधकांना प्रोग्रामिंग शिकवण्याचं हे काम १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत सुरू झालं. पुढे ग्रंथपालांसाठी आणि आमच्यासारख्यांसाठीही धडे तयार झाले. शिकवणारी बाई सगळ्यांसमोर एकेक ओळ टाइप करते, चुकली तर तिथेच दुरुस्त करते, आणि आपण तिच्याबरोबर टाइप करत जायचं. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या मिळतात. जमलं की हिरवी लॅपटॉपच्या पाठीवर लावायची, अडलं की गुलाबी. गुलाबी दिसली की मदतनीस येऊन शेजारी बसतो. सगळ्यांदेखत हात वर करावा लागत नाही. आपल्याकडे कितीतरी हुशार मुलं केवळ संकोचापायी प्रश्न गिळून बसतात. त्यांच्यापर्यंत ही पद्धत पोचावी असं मला मनापासून वाटतं.

सरावासाठी मिळालं ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांना खुलं केलेलं एक दप्तर. ब्रिटिश भारतातले साधारण १८५० ते १९५० या काळातले वैद्यकीय अहवाल: देवी, पटकी, प्लेग, इस्पितळं. पानं स्कॅन करून त्यांतला मजकूर यंत्राने वाचून काढलेला आहे. मी अर्थातच १८९६ नंतरचा मुंबई-पुण्याचा प्लेग शोधायला बसले.

आणि तिथे खरं शिक्षण सुरू झालं. जुन्या छपाईत इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी आले की यंत्राला ते 'एम' वाटतात. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द त्याला अनेकदा जोडता येत नाही. म्हणजे शोधात एखादं नाव आलं नाही, म्हणून ते अहवालात नाहीच असं लिहिता येत नाही. कागदाची साधनचिकित्सा, म्हणजे त्यावर कितपत विसंबायचं याची तपासणी, आपण शिकतो, तशी शोधखिडकीचीही शिकायला हवी. प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी नव्हे, पहिल्याच महिन्यात.

मग ओपनरिफाइन आलं. हे मोफत सॉफ्टवेअर तक्त्यातली मिळतीजुळती नावं एकत्र करून दाखवतं. साताऱ्यात कुठे एक 'टी', कुठे दोन. अहमदनगरात मधे कुठे 'ए', कुठे 'ई'. यंत्र विचारतं, ही एकच का? पण हैदराबाद सिंधमधलंही आहे आणि निजामाचंही, स्पेलिंग अगदी तेच. तिथे यंत्राला शंकाच येत नाही. अहवाल कोणत्या प्रांताचा आहे ते आपणच पाहायचं. मला सर्वांत आवडलं ते हे, की आपण काय बदललं त्याची पायरीवार नोंद राहते आणि ती दुसऱ्याला देता येते. माझी जोडणी पटली नाही तर कुणीही मागे जाऊन ती तपासू शकतं.

झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ ठेवणं, ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक काढणं हेही झालं. ते एका दुपारचं काम, कुणालाही घरबसल्या जमेल.

मराठीत हे काम आणखी अवघड आहे. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे संगणक वापरतात त्या अक्षरांच्या सामायिक यादीत, जागा मिळाली ती २०१४ मध्ये. त्याआधी देवनागरीतही कितीतरी मजकूर जुन्या फॉन्टांत टाइप झाला. तो डोळ्यांना मराठी दिसतो, पण शोधायला गेलं तर संगणकाच्या लेखी ती निरर्थक इंग्रजी अक्षरं असतात. आपल्या विद्यापीठांत मराठीचा, इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना हे सुरुवातीलाच कुणीतरी शिकवायला हवं.

कारपेंट्रीजचे धडे मोफत आहेत आणि श्रेय देऊन त्यांचा अनुवाद करायला परवानगी आहे. ओपनरिफाइनचा धडा मी मराठीत आणायला घेतला आहे, आणि सरावासाठी त्यात आपल्याच गावांची नावं घालणार आहे. तुमच्या गावाचं नाव जुन्या सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर किंवा आजोबांच्या पत्रांवर वेगळं लिहिलेलं असेल, तर ते जसंच्या तसं, वर्षासकट मला कळवा.