तुम्ही विचारलंत म्हणून: गूगल मॅप असताना मी नकाशे का काढते?

"गूगल मॅप आहे की सगळ्यांच्या फोनमध्ये, मग तू सुट्टीच्या दिवशी फुकटात नकाशे कशाला काढत बसतेस?" हा प्रश्न घरचे, ऑफिसातले, ट्रेकला भेटलेले, सगळे विचारतात, म्हणून एकदा नीट लिहितेच.

मी ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशा भरते. हा अख्ख्या जगाचा नकाशा आहे, कोणीही अकाउंट काढून त्यात भर घालू शकतं, आणि त्यामागचा सगळा डेटा कोणालाही उतरवून घेता येतो, अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि त्यात भर घालून पुढे दिलात तर तेही खुलंच ठेवायचं. फोनवर नकाशा फुकट दिसतो म्हणजे तो आपला झाला असं नाही. 2008 मध्ये गूगलचं मॅप मेकर आलं तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी हौसेनं आपापल्या गल्ल्या, रस्ते त्यात भरले. 2017 मध्ये ते बंद झालं, भरलेलं कंपनीच्या नकाशात राहिलं, पण तो डेटा उचलून त्यावर हवं ते करायची मोकळीक भरणाऱ्यांना कधीच नव्हती. ओपनस्ट्रीटमॅप उद्या कोणी बंद करायचं म्हटलं तरी डेटाच्या कॉप्या जगभर आहेत, दुसरं कोणीतरी तिथून पुढे चालू करेल.

याची सुरुवात 2004 मध्ये इंग्लंडात झाली. तिथली सरकारी नकाशा संस्था ऑर्डनन्स सर्व्हे, नकाशे उत्तम, पण डेटा वापरायचा तर पैसे आणि लायसन्सच्या अटी. स्टीव्ह कोस्ट नावाच्या मुलानं ठरवलं की जीपीएस घेऊन आपणच फिरायचं आणि आपणच काढायचा. मग 2010 मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेनंही आपला बराचसा डेटा खुला केला.

आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया 1767 पासूनची, नकाशे लष्करासाठी आणि महसुलासाठी काढायची परंपरा, त्यामुळे नकाशा म्हणजे जपून ठेवायची गोष्ट हे डोक्यात अगदी पक्कं बसलेलं. जुन्या ट्रेकर मंडळींना विचारा, एक टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंचसखलता दाखवणारा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा) मिळवायला काय काय करावं लागायचं. 2016 मध्ये तर एका विधेयकाचा मसुदा आला होता ज्यात परवानगीशिवाय अशी माहिती गोळा केली किंवा वापरली तर 100 कोटींपर्यंत दंड आणि 7 वर्षांपर्यंत कैद होती. तो कायदा झाला नाही म्हणून बरं. आणि मग 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्रानं नवे नियम काढले, भारतातल्या लोकांना आणि कंपन्यांना नकाशे करायला आधी परवानगी नको, संवेदनशील ठिकाणांची बंधनं तेवढी राहिली. पाच वर्षांत एवढी उलटी दिशा! माझ्या मते या बदलाची आपल्याकडे हवी तेवढी चर्चाच झाली नाही.

आता माझं कारण. माझं आजोळ पाटण तालुक्यात, डोंगरात. गाव म्हणजे एक ठिपका नाही हो, खाली गावठाण, वर चार दिशांना वाड्या, त्याच्याही वर धनगरवाडा, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या पाणंदी, पायवाटा, ओढ्यावरचे साकव. फोनमधल्या नेहमीच्या नकाशांत यातलं फारसं काही नसायचं, आणि मला वाटतं त्यात नवल नाही, जिथे दुकानं नाहीत, गाड्या बोलवणारे नाहीत, तिथली पाणंद काढून कोणाचा धंदा वाढणार? पण पावसात पेशंटला खाली आणायचा असेल तर कुठला साकव पाण्याखाली जातो आणि जीप नक्की कुठपर्यंत चढते हीच माहिती लागते. ती मामाला माहीत असते, आशाताईंना असते, गुरांमागे फिरणाऱ्या पोरांना तर सगळ्यात जास्त. मी त्यांच्याबरोबर फिरून, त्यांना विचारून विचारून ती भरत गेले. वाडीचं नाव कसं लिहायचं यावर मामी आणि शेजारच्या आजी भांडल्यासुद्धा, शेवटी दोन्ही नावं टाकली, तशी सोय आहे त्यात.

आणि हे फक्त आमच्या गावापुरतं नाही. केनियात, नैरोबी शहरात किबेरा नावाची खूप मोठी झोपडपट्टी आहे, लाखो लोक राहतात, आणि सरकारी नकाशात तिथे जंगल दाखवलेलं होतं. 2009 मध्ये तिथल्याच पोरापोरींनी जीपीएस घेऊन पाण्याचे नळ, संडास, दवाखाने, शाळा सगळं नकाशावर आणलं. नेपाळचंही तसंच. तिथे 25 एप्रिल 2015 ला भूकंप झाला तेव्हा जगभरातून हजारो लोक सॅटेलाइट फोटो बघून रस्ते, घरं काढायला लागले, पण काठमांडू लिव्हिंग लॅब्स या तिथल्या संस्थेची स्थानिक मंडळी त्याआधीच शाळा-दवाखाने नकाशावर टाकत होती, म्हणून बाहेरच्यांच्या मदतीला काही दिशा मिळाली.

"कोणीही बदलू शकतं म्हणजे चुकीचं नाही का होणार?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. होतं की, पण प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि तो मागे फिरवता येतो. लंडनमधले प्राध्यापक मुकी हाकले यांनी 2010 मध्ये इंग्लंडचा खुला नकाशा सरकारी डेटाशी ताडून पाहिला, तर जागा सरासरी 6 मीटरच्या आत जुळत होत्या. मला त्यांचा दुसरा निष्कर्ष जास्त छळतो. गरीब भागांची माहिती श्रीमंत भागांपेक्षा कमी भरलेली होती. म्हणजे दार सगळ्यांना उघडं असलं तरी आत येतो तो ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, रिकामा वेळ आहे, इंग्रजी आहे. आम्हा नकाशा भरणाऱ्यांतही बायका कमीच. वाडीवरच्या एखाद्या मुलीनं स्वतः नकाशा भरला तर ती काय काय टाकेल हे मला अजून कळायचंय, मी कितीही फिरले तरी शेवटी पाहुणीच ना.

आता मोठ्या कंपन्याही यात उतरल्यात. मायक्रोसॉफ्ट, गूगल यांनी सॅटेलाइट फोटोंवरून मशीननं ओळखलेल्या कोट्यवधी इमारतींच्या आउटलाइन खुल्या केल्यात, 2022 च्या डिसेंबरात अॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी खुल्या नकाशा-डेटासाठी ओव्हर्चर नावाची संस्थाही काढली. मी त्याच्या विरोधात नाही, छपरं काढण्यात माझे तास वाचतात. पण वरून छप्पर दिसतं, ते अंगणवाडीचं आहे की गोठ्याचं ते नाही दिसत, आणि मे महिन्यात कुठल्या विहिरीला पाणी असतं ते तर नाहीच.

करून बघायचं असेल तर अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकंप्लीट घ्या, ते चालता चालता छोटे छोटे प्रश्न विचारतं, हा रस्ता डांबरी आहे का, इथे दिवे आहेत का, असे. आयफोन असेल तर एव्हरी डोअर. आपल्या गल्लीपासून सुरू करा, मराठी नावांसाठी वेगळा रकाना आहे तो रिकामा ठेवू नका. आणि एक कळकळीची विनंती, दुसऱ्या कंपनीच्या नकाशात बघून काहीही उतरवू नका, तसं भरलेलं आम्हाला काढून टाकावं लागतं. स्वतः बघितलेलं किंवा तिथल्या माणसाला विचारलेलंच टाका.