चित्र गप्प बसतं, कागदाला बोलावं लागतं

संगणकावर केलेलं अमूर्त चित्र. त्यात ना माणूस, ना झाड, ना अक्षर. मग कॅनडातल्या फ्रेंच भाषकांनी त्याचं वेगळं गट-प्रदर्शन कशाला भरवायचं? रंगांना कुठे भाषा असते? हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्याला जोडून दुसराही येतोच: चित्र म्हणजे फाइलच ना, मग मेल केली की काम संपलं! तुम्ही दोन्ही विचारलेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडा नकाशा. क्वेबेकमध्ये फ्रेंच बहुसंख्याकांची भाषा आहे. तिथून बाहेर पडलं की तीच भाषा अल्पसंख्य होते: ऑन्टारियोत, मॅनिटोबात, न्यू ब्रन्सविकच्या अकेडियन लोकांत, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंच वसाहतीच्या वंशजांत. ऑन्टारियोत 1912 साली ‘नियम 17’ आला आणि शाळेतल्या पहिल्या दोन इयत्ता सोडल्या तर फ्रेंचमधून शिकवणंच बंद झालं. हिरवा-पांढरा फ्रँको-ऑन्टारियन झेंडा पहिल्यांदा फडकला तो 1975 साली, सडबरीत. त्याच सडबरीत आज गॅलरी द्यु नुव्हेल-ऑन्टारियो आहे. टोरोंटोत माध्यमकलेसाठी ल लाबो आहे, मंक्टनला गॅलरी सां नों, आणि विनिपेगच्या सँ-बोनिफास भागात जुन्या नगरभवनात फ्रेंच भाषक चित्रकारांचं घर.

आता भाषेचं. चित्रात ती नसेलही, पण चित्राभोवती सगळीकडे असते. प्रवेशिका मागवणारं पत्रक, निवड समितीतली चर्चा, चित्राशेजारची पाटी, भिंत मोजणाऱ्या तंत्रज्ञाशी होणारं बोलणं. सगळ्यात वजनदार असते ती ‘देमार्श’, म्हणजे आपण काय करतो आणि का, याचं दीडशे-दोनशे शब्दांचं टिपण. फळांची टोपली रंगवणाऱ्याचं टिपण कच्चं असलं तरी टोपली दिसते. अमूर्ताच्या बाबतीत समितीच्या हातात टिपणाखेरीज फारसं काही नसतं. मराठी माणूस आपल्या कामाबद्दल इंग्रजीत लिहायला बसला की वाक्यं कशी सरकारी होतात, ते आपल्याला माहीत आहे. सडबरीतल्या फ्रेंच माणसाचंही तेच होतं. तुमचं टिपण तपासायची सोपी युक्ती सांगते: त्यातली ‘ऊर्जा’, ‘अवकाश’, ‘संवाद’ खोडा आणि उरलेल्यातून चित्र कसं तयार झालं ते कळतं का पाहा. कोणता प्रोग्रॅम लिहिला, किती थर, कुठे यदृच्छेवर सोडलं, कुठे हाताने थांबवलं, एवढं आलं की पुरे.

आणि इथेच ‘फाइल मेल केली की झालं’ याचंही उत्तर आहे. व्यक्तिचित्राचा प्रिंट हिरवट आला तर गॅलरीतला झाडूवालाही सांगेल की चेहरा आजारी दिसतोय. अमूर्त चित्र हिरवट आलं, कडेने कापलं गेलं, उलटं टांगलं गेलं, तरी कुणीही हटकत नाही. ‘चित्रकाराला असंच हवं असेल’ म्हणून सगळे आदराने पुढे सरकतात. इथे चूक हेतूसारखी दिसते. म्हणून फाइलसोबत काय काय पाठवायचं, ही अर्धी कला आहे.

फाइलला आकार नसतो, तो तुम्ही ठरवायचा. 60 × 90 सेंटिमीटरचा प्रिंट इंचाला 300 बिंदूंनी काढायचा तर 7087 × 10630 पिक्सेल लागतात. धूसर, विरघळणाऱ्या रंगांना 150 बिंदूही चालून जातात. धारदार कडांच्या भौमितिक चित्राला चालत नाहीत, कड पायरी-पायरीची दिसते.

धूसर चित्रांचं दुखणं वेगळं: पट्टे. समजा गडद निळ्यातून किंचित फिकट निळ्यात जाणारी छटा 90 सेंटिमीटरभर पसरली आहे. 8 बिटच्या फाइलमध्ये एका रंगवाहिनीत 256 पायऱ्या असतात आणि या दोन निळ्यांत त्यातल्या फार तर 45 येतात. म्हणजे दर दोन सेंटिमीटरला एक पायरी, आणि भिंतीवर ती शिवण दिसते. घरच्या 14 इंची पडद्यावर हाच पट्टा कितीतरी अरुंद असल्यामुळे नजरेतून सुटतो. उपाय असा की सुरुवातीपासून 16 बिटमध्ये काम करायचं आणि शेवटी अगदी बारीक, एक-दीड टक्का दाणा, म्हणजे विस्कळीत ठिपके, मिसळायचा. आधी 8 बिटमध्ये करून मग 16 वर नेलं तर पायऱ्या तशाच राहतात. ही चूक जाणतेही करतात.

रंगांचं सांगायचं तर, पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि विजेसारखा निळा कागदावर येत नाही. शाईची तेवढी झेपच नसते. पडदा फार उजळ असेल तर प्रिंट काळपट येतो, तेव्हा पडद्याचा उजेड चौरस मीटरला 80 ते 120 कँडेलात आणून ठेवा. छपाईवाल्याकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल, मागून घ्या आणि छापल्यावर चित्र कसं दिसेल ते पडद्यावरच पाहा. मोठ्या प्रिंटआधी चित्राच्या सर्वांत अवघड भागातून 20 सेंटिमीटरची पट्टी मूळ मापात छापून घ्या. अख्खं चित्र लहान करून छापलेला नमुना पट्ट्यांबद्दल काही सांगत नाही. आणि पट्टी गॅलरीच्या उजेडात बघा. पुष्कळ गॅलऱ्यांत 3000 केल्व्हिनचे पिवळसर दिवे असतात. खिडकीशी निर्मळ दिसणारा करडा रंग त्यांच्याखाली गुलाबी होऊन बसतो.

कागद सुती, 300 ग्रॅमच्या आसपासचा, बिनचमक. काळा थोडा मवाळ येतो, पण गट-प्रदर्शनात समोरच्या भिंतीवरचा टीव्ही तुमच्या चित्रात चमकत नाही. ॲक्रिलिकखाली, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावाखाली, लावण्याचा मोह मला तरी पटत नाही. 90 × 120 सेंटिमीटरची 5 मिलिमीटर जाड नुसती ॲक्रिलिकची शीट साडेसहा किलोच्या जवळ जाते, आणि ओरखडा पडला की पुसता येत नाही. प्रदर्शन गावोगाव फिरणार असेल तर 3 मिलिमीटरच्या संमिश्र ॲल्युमिनियम पत्र्यावर (मधे प्लास्टिक, दोन्हीकडे पातळ ॲल्युमिनियम) चिकटवलेला प्रिंट बरा. हिवाळ्यात उणे वीसमधून आलेलं खोकं लगेच उघडू नका. 24 तास आतच राहू द्या, नाहीतर दव धरतं.

चित्र पडद्यावर हलणारं असेल तर दुखणी आणखी. नेहमीच्या एच.264 व्हिडिओत दर चार पिक्सेलांमागे रंगाची एकच नोंद राहते, म्हणून काळ्यावरच्या लाल रेषेची कड फाटते. रंगाच्या नोंदी न गाळणारी (4:4:4), 10 बिटची फाइल द्या आणि ती नेमक्या कोणत्या यंत्रावर चालणार ते आधी विचारा. टीव्हीच्या मेन्यूत हालचाल गुळगुळीत करणारी सोय, आपोआप उजेड बदलणं, वीजबचत आणि चार तासांनी बंद होणं, सगळं बंद करायला लावा. ‘ओव्हरस्कॅन’ही. नाहीतर चारी बाजूंनी थोडं थोडं चित्र गिळलं जातं आणि तुमची काटेकोर चौकट गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. 1920 × 1200 च्या प्रोजेक्टरवर 1920 × 1080 ची फाइल लावली तर वर-खाली 60-60 पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात, आणि अमूर्तात त्या चित्राचाच भाग वाटतात.

आता पाटी. अमूर्तचित्रकार वासुदेव गायतोंड्यांनी बहुतेक चित्रांना नावच दिलं नाही आणि ते त्यांना शोभलं. गट-प्रदर्शनात मात्र तिघांची ‘सां तित्र’, म्हणजे शीर्षकहीन, चित्रं आली की पाट्यांची अदलाबदल ठरलेली. निदान पुढे क्रमांक घाला. माप लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर. फ्रेंच वर, इंग्रजी खाली. शीर्षकाचं भाषांतर करायचं की नाही ते स्वतः लिहून द्या, नाहीतर कुणीतरी घाईत यंत्राकडून करून घेतं. तंत्राच्या रकान्यात ‘जिक्ले’ लिहू नका. हा शब्द 1991 च्या सुमारास अमेरिकेत छपाईवाल्यांनी फ्रेंच ‘पिचकारणे’वरून बेतला. फ्रेंच बोलीत त्याचा एक चावट अर्थ आहे, पाटी वाचून लोक गालात हसतात. ‘सुती कागदावर रंगद्रव्य शाईची छपाई’ असं साधं फ्रेंचमध्ये लिहावं.

फ्रेंच अक्षरांवरच्या मात्रा शीर्षकात एकूण एक हव्यात, फाइलच्या नावात एकही नको. मॅक आणि विंडोज त्या मात्रा वेगवेगळ्या पद्धतीने साठवतात. झिप उघडली की नावाचा चुराडा होतो आणि तंत्रज्ञाला चित्र ‘सापडत नाही’. आडनाव, क्रमांक, माप, सगळं साध्या अक्षरांत. त्यासोबत तांत्रिक पत्रक: दर्शनी माप, वजन, टांगायची पद्धत, वरची बाजू कोणती, आणि योग्य दिसणाऱ्या चित्राचा छोटा फोटो, म्हणजे ताडून पाहता येईल.

मानधनाचं विसरू नका. 7 जून 1988 नंतर केलेली कलाकृती विक्री किंवा भाड्याखेरीज अन्य हेतूने जाहीरपणे मांडण्याचा हक्क कॅनडाच्या कायद्याने कलाकाराकडे ठेवला आहे. किमान दरांचा तक्ता कारफॅक ही कॅनडातल्या चित्रकारांची संघटना प्रसिद्ध करते, गट-प्रदर्शनाचा दरही त्यात असतो. उलट कलाकारानेच भिंतीचं भाडं भरावं अशी मागणी आली तर मी तरी अर्ज भरणार नाही.

प्रिंटच्या पाठीवर मोठा बाण काढा आणि ‘ओ’, म्हणजे वर, असं फ्रेंचमध्ये लिहा. पडद्यावरचं काम असेल तर दुसरा पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीला चिकटपट्टीने लावून ठेवा. पहिला चालत नाही हे उद्घाटनाच्या संध्याकाळीच कळतं.