तुम्ही विचारलंत म्हणून: पूरग्रस्तांना काय पाठवायचं?

पुण्या-मुंबईचे पाहुणे फोनवर अजून विचारतात, “परत असा पूर आला, तर आम्ही नक्की काय पाठवायचं?” विचारलंत म्हणून सांगतो. कपडे नकोत.

आमचं गाव सीनाकाठचं. एरवी उन्हाळ्यात पोरं या नदीत क्रिकेट खेळतात. 2025 च्या सप्टेंबरात, घट बसले त्याच आठवड्यात, वर पाऊस कोसळला, धरणांतून पाणी सुटलं आणि माढा-मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठ बुडाला. लांबोटीला पुण्याचा हायवे बंद, वडकबाळला विजापूरचा. दुष्काळाचे अर्ज आम्हाला तोंडपाठ. पुराचं काहीच ठाऊक नव्हतं.

पाणी ओसरल्यावर पहिला गाढवपणा मीच केला. ग्रुपवर टाकलं, ‘जुने कपडे पाठवा’. तिसऱ्या दिवशी टेम्पो हजर. जरीच्या साड्या, एकेकटे बूट, एक काळा ब्लेझर. शेजारच्या अक्कांनी तो उलटसुलट करून बघितला. “हे घालून गाळ काढू व्हय?”

त्यांच्या घरात गुडघाभर गाळ होता. ज्वारी इतकी फुगलेली की पत्र्याच्या कोठीचं झाकण वर उचललं गेलेलं. आत हात घातला तर दाणे गरम, आंबूस वास आणि पांढरे मोड. “घटात उगवायचं ते कोठीत उगवलं,” अक्का म्हणाल्या आणि पाटी भरायला लागल्या. वर्षाची ज्वारी उकिरड्यावर गेली.

गाळ ओला असतो तोवर खोऱ्यानं निघतो. वाळला की टिकाव लागतो. पण पंचनाम्याआधी घर धुतलं तर नुकसान दाखवायचं काय, म्हणून लोक गाळातच बसून. शेवटी पोरांनी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट, फोटो काढले आणि मग खोरी चालली. तेव्हा लागली ती घमेली, खराटे, गमबूट, टँकर. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आठवडाभर काही होत नाही तिला.

आणि वैरण! माणसाला कुणीतरी खिचडी वाढतंच, म्हशीला कोण विचारतो? कडब्याच्या गंजीच्या गंजी वाहून गेलेल्या. एका पाहुण्यानं न विचारता पिकअपभर मुरघासाच्या बॅगा आणल्या, तेव्हा गोठ्यातली रात्रभराची हंबर थांबली. शहरातला एक वायंडिंगवाला पोरगा दोन दिवस देवळाच्या कट्ट्यावर बसून बुडालेल्या मोटारी उघडत, पुसत, वाळवत होता. चहाशिवाय काही घेतलं नाही त्यानं. असा माणूस पाठवता आला तर आधी तो पाठवा.

साड्यांची पोतेरी झाली. ब्लेझर मात्र अक्कांनी ठेवून घेतला. थंडीत रेडकाच्या अंगावर घालतात. बटणं पोटाखाली बरोबर लागतात.