कडेला लागलेला चेंडू

अमेरिकेतला भाचा सुट्टी संपवून परत जाताना आपला जुना व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आभासी जग दाखवणारे यंत्र, माझ्याकडे ठेवून गेला. "मामा, तुम्ही पूर्वी टेबल टेनिस खेळायचात ना? मग हा तुम्हालाच राहू दे," एवढेच तो म्हणाला. परवा दुपारी, घरातली मंडळी जरा आडवी झालेली असताना, मी दिवाणखान्यातला टीपॉय भिंतीकडे सरकवला, तो हेडसेट डोक्यावर चढवला आणि त्यातला 'इलेव्हन टेबल टेनिस' हा खेळ सुरू केला. समोर इंटरनेटवरून खेळणारा प्रतिस्पर्धी म्हणून हवेत तरंगणारे एक डोके आणि एक बॅट, एवढेच होते. डाव दहा-दहावर आला असताना त्याचा चेंडू टेबलाच्या माझ्या बाजूच्या कडेला चाटून खाली गेला आणि मी मोठ्याने ओरडलो, "बाजूला लागलाय, वर नाही!" गुण तोवर त्याच्या नावावर जमाही झाला होता. आतल्या खोलीतून मात्र विचारणा झाली, "अहो, कोणाशी भांडताय?"

कडेच्या चेंडूवरून जो कधी भांडला नाही, तो टेबल टेनिस खेळलाच नाही, असे माझे ठाम मत आहे. चेंडू टेबलाच्या वरच्या कडेला लागला तर तो धरायचा आणि खालच्या उभ्या बाजूला लागला तर धरायचा नाही, हा नियम कागदावर सरळ दिसतो. पण ते अंतर डोळ्यांनी पाहून ठरवायचे म्हणजे मैत्रीची परीक्षाच असते. आमच्या गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक टेबल होते आणि त्याच्या कडेचे पापुद्रे सुटलेले असल्यामुळे तिथे लागलेला चेंडू कुठेही उडायचा. डाव तेव्हा २१ गुणांचा असे आणि पाच-पाच सर्व्हिस मिळत. चेंडू सेल्युलॉइडचा असे. त्याला पोचा आला की आम्ही तो गरम पाण्यात टाकून पुन्हा फुगवत असू आणि तडा गेला की आळीपाळीने हुंगत असू, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो आणि फुटलेल्या चेंडूला तो अंधुक वास येई. कडेवरून वाद पेटला की 'रडीचा डाव' अशी आरोळी उठे आणि अखेर कानामागे पेन्सिल खोचलेले ग्रंथपाल चष्मा कपाळावर सरकवत आत येत. त्यांनी चेंडू पाहिलेला नसे, कोणाचे किती गुण झाले आहेत हेही ठाऊक नसे, तरीही "पुन्हा खेळा" हा त्यांचा निकाल दोन्ही बाजूंना मान्य होई.

हेडसेटमधल्या खेळात हा प्रश्नच मिटला आहे. बॅटीऐवजी हातात धरायचा कंट्रोलर कुठे आहे ते हेडसेटवरचे कॅमेरे सतत पाहत असतात, चेंडूची फिरकी आणि हवेचा विरोध यांचा हिशेब क्षणोक्षणी होत असतो, आणि चेंडू कुठे टेकला हे यंत्राला पाहावे लागतच नाही, कारण त्याला टेकवणारे तेच असते. शिवाय २.७४ मीटर लांबीचे टेबल, ज्याच्याभोवती खेळायला एरवी एक सभागृहच लागते, ते दोन मीटर लांब-रुंद मोकळ्या जागेत मावते, आणि कपाटाखाली गेलेला चेंडू केरसुणीने काढावा लागत नाही. चेंडू आणण्यात खरी गंमत होती असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला त्यात कधीच गंमत वाटली नाही.

तोटे आहेतच. खरा चेंडू २.७ ग्रॅमचा असतो, पण तो पाहण्यासाठी इथे अर्धा किलो वजन नाकावर पेलावे लागते. घाम आतल्या स्पंजात मुरतो आणि चष्म्यावर वाफ धरते. भिंगांचा फोकस एकाच अंतरावर पक्का असतो, त्यामुळे चेंडू जवळ येताना दोन्ही डोळे आत वळतात, मात्र नजर लांबच रोखलेली राहते आणि तासाभरात डोळे शिणतात. दमल्यावर टेबलावर हात टेकण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी तर फारच सांभाळावे, कारण तिथे टेकायला काहीच नसते. कंट्रोलर थरथरतो, टक् असा आवाजही होतो, परंतु रबरावर चेंडू किंचित रुतून निघतो तेव्हा मनगटाला जे कळते, ते त्या थरथरीतून कळत नाही.

रडीचा डाव मात्र यंत्रालाही पुरता घालवता आलेला नाही. जिंकले की गुण वाढवणाऱ्या आणि हरले की घटवणाऱ्या, बुद्धिबळातल्या एलो पद्धतीने इथे प्रत्येकाचे मानांकन ठरते, आणि ते घसरणार असे दिसू लागले की काही जण शेवटच्या गुणाआधीच अदृश्य होतात. आमच्याकडे चेंडू खिशात घालून घरी निघणाऱ्या मुलाला निदान जिना उतरेपर्यंत शिव्या तरी ऐकाव्या लागत.

पण चेंडू खिशात घालून जाणे खेळाडूंपुरतेच नाही, हे 'एको अरीना' या दुसऱ्या व्हीआर खेळाकडे पाहिले म्हणजे कळते. गुरुत्वाकर्षण नसलेल्या रिंगणात तबकडी फेकून गोल करायचा हा सांघिक खेळ २०१७ मध्ये आला. टेबल टेनिसला निदान बाहेर खरे टेबल आहे. या खेळाला बाहेर काहीच नव्हते, कारण तसे तरंगणे जमिनीवर शक्यच नाही. भिंतीला रेटा देऊन वळायचे कसे आणि तरंगत असताना अचूक फेकायचे कसे, हे लोक नव्याने शिकले. त्याच्या लीग झाल्या, संघ झाले, त्यात नाव कमावलेले खेळाडूही झाले. १ ऑगस्ट २०२३ रोजी त्याची मालक असलेल्या मेटा कंपनीने त्याचे सर्व्हर, म्हणजे ज्या संगणकांवर तो चाले ते, बंद केले. खेळणारी माणसे होती तिथेच होती, हेडसेटही त्यांच्याकडे होते, पण जे कौशल्य त्यांनी हाताला लावून घेतले होते ते वापरायला अधिकृत असे रिंगणच कुठे उरले नाही. कडेच्या चेंडूचा निकाल इतका अचूक देणारा पंच ज्याच्या पगारावर आहे, त्याने खेळच थांबवायचे ठरवले तर तक्रार कोणाकडे करायची, हे कोणत्याही नियमपुस्तकात नाही.