दाखला काढला का?

रोमन लोकांनी ख्रिश्चनांचा छळ केला म्हटलं की आपल्या डोक्यात डायरेक्ट सिंहापुढं टाकलेली माणसंच येतात. मला पण नीरो बादशहाचंच माहीत होतं, म्हणजे इसवी सन 64 ला रोम जळालं, बोंब झाली की यानंच आग लावली, मग यानं ते सगळं ख्रिश्चनांवर ढकललं आणि लोकांना मशालीसारखं जाळलं वगैरे. भयानक आहेच ते, पण ते एका शहरात झालं. माझं डोकं अडकलंय ते जवळपास 185 वर्षांनी आलेल्या डेशियस नावाच्या बादशहात, कारण त्यानं काय केलं तर दाखला सुरू केला.

इ.स. 249 च्या शेवटी गादीवर आल्यावर फर्मान काढलं की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा, दारूची धार सोडायची, बळीच्या मटणाचा घास खायचा आणि हे सगळं कमिटीसमोर करून सही-साक्षीचा कागद घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असले चाळीसच्या वर कागद सापडलेत. एक आहे ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या म्हाताऱ्याचा, वय 72, ओळखखूण काय तर उजव्या भुवईवर व्रण, तारीख 26 जून 250. मी नेहमीच देवांना बळी देत आलोय आणि आत्ता तुमच्यासमोर पण दिलाय, तरी तसं सर्टिफाय करावं ही विनंती. शपथ सांगतो, आपल्याकडं अर्जावर लिहितात तेच की हे! आणि गंमत म्हणजे कागद घेणारे सगळे ख्रिश्चन नव्हते, मगरदेवाची पुजारीण होती एक, तिला सुद्धा दाखला काढावा लागला. आयुष्य देवळात गेलं बाईचं आणि तिलाच विचारतायत देव मानतेस का म्हणून.

आता जिथं दाखला आला तिथं एजंटगिरी आलीच. बऱ्याच ख्रिश्चनांनी बळी न देताच पैसे चारून कागद मिळवला. काहींनी खरंच बळी दिला. आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की लोक आपणहून चौकात पळत गेले, संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणाले तर आजच उरका म्हणून मागं लागले. आणि काही जणांनी दोन्ही केलं नाही, ते तुरुंगात गेले, काही तिथंच मेले.

डेशियस 251 ला लढाईत मेला, फर्मान थंड पडलं आणि खरी भांडणं मग चर्चमध्ये लागली. कागदवाल्यांना परत आत घ्यायचं का? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा एक पाद्री म्हणाला अजिबात नाही. कार्थेजच्या सभेत ठरलं की नुसता कागद घेतलेल्यांचं एकेकाचं बघून घेऊ, बळी दिलेल्यांना मात्र मरायला टेकल्यावरच माफी.

माझा एक मित्र रंगभवनजवळच्या चर्चमध्ये जातो, चहाच्या गाड्यावर त्याच्याशी यावरून मरणाचा वाद झाला. तो पक्का नोव्हेशियनवाला निघाला, म्हणे तुरुंगात मेलेल्यांच्या बायकापोरांनी शेजारी बसून प्रार्थना कशी करायची? पॉइंट आहे, नाही म्हणत नाही. पण मी म्हणलं बाबा, ज्यानं कागद विकत घेतला त्यानं पदरचे पैसे घातले ते बळी द्यायला नको म्हणूनच ना, मनातनं सोडलं असतं तर फुकटात मटण खाऊन आला असता की घरी. त्यावर तो म्हणाला, आणि ज्याच्याकडं चारायला पैसेच नव्हते त्यानं काय करायचं होतं? इथं माझी बोलती बंद.

मग मी सिप्रियन काढला. तो स्वतः त्या काळात लपून बसला होता, पत्रं पाठवून कारभार चालवायचा, त्यावरून लोकांनी त्याला नावं पण ठेवली. पुढं व्हॅलेरियन बादशहाच्या राज्यात पकडला, 258 च्या सप्टेंबरमध्ये शिक्षा ऐकल्यावर देवाचे आभार मानले आणि मान उडवणाऱ्याला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगितली. मित्राला विचारलं, हा 250 मध्येच सापडला असता तर? तो म्हणे तेव्हाच मेला असता. मला तसं वाटत नाही. चहाचे पैसे त्यानं दिले, वाद अजून चालू आहे.