ब्रेसमधली अडीच वर्षं

वेणी घालताना आईला दिसलं, की माझ्या पाठीचं उजवं पातं डाव्यापेक्षा जास्त वर आलंय. मी तेव्हा बारा वर्षांची. डॉक्टरांनी मला पुढे वाकायला लावलं, मग एक्स-रे काढला. कणा बाजूला वाकलेला होता (याला स्कोलिओसिस म्हणतात), बाक २८ अंश निघाला. दप्तर एका खांद्यावर घेतल्यामुळे झालं का, असं आईनं तीनदा विचारलं. नाही, यात कुणाचीच चूक नाही, असं त्यांनी तिन्ही वेळा शांतपणे सांगितलं. त्यांचे मी आजही आभार मानते.

उंची वाढायची बाकी होती, म्हणून ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचं कवच. प्लॅस्टरचा साचा घेऊन कडक प्लॅस्टिकचा ब्रेस बनवला. बाक ज्या बाजूला फुगलाय तिथे आतून गादी दाबते, विरुद्ध बाजूला कण्याला सरकायला जागा ठेवलेली असते. ब्रेस घालून एक्स-रे काढला तर १५ अंश! मला वाटलं, बरी झाले. पण ब्रेस काढला की बाक बहुतेक पूर्वीसारखा होतो. वाढ थांबेपर्यंत तो आणखी वाढू द्यायचा नाही, एवढंच ब्रेसचं काम. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

रोज १८ तास घालायचा होता. आत बिनशिवणीचा बनियन, तोही ताणून, कारण एका सुरकुतीनं कमरेवर असा वळ उठायचा की रात्रभर झोप लागत नसे. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक, नाही तर ऑर्थोटिस्टला, म्हणजे ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवायचं. क्रीम लावायचं नाही, त्यानं कातडी मऊ पडते.

शाळेत मी तो काढून ठेवायचे आणि घरी '१८ तास' सांगायचे. ब्रेसमधल्या तापमानाच्या सेन्सरनं खरं सांगितलं: सरासरी ९. डॉक्टर रागावले नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल बोलले. रोज साधारण १३ तासांपेक्षा जास्त ब्रेस घातलेल्या दहापैकी नऊ मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला होता. त्याच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. त्या दिवशी गाडीत मी खूप रडले. आई एक शब्दही बोलली नाही, फक्त माझा हात धरून बसली. दुसऱ्या दिवशी ब्रेस घालून शाळेत गेले आणि वर्गात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला स्वतःहून सांगितलं. ती रोज माझा मागचा पट्टा खुणेपर्यंत ओढून द्यायला लागली.

साडेचौदाव्या वर्षी हळूहळू तास कमी केले. शेवटचा एक्स-रे ३० अंश. दोन अंश वाढले म्हणून आई घाबरली. मोजण्यातच तेवढा फरक पडतो, डॉक्टर म्हणाले, बाक थांबलाय. ब्रेसशिवायच्या पहिल्या रात्री मी कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून जागी होते.